'कोसला', मनी आणि आमची पुस्तक भिशी: या कादंबरीत आशा आहे का?

तापीकाठची

आमच्या जळगावच्या पुस्तक भिशीत या महिन्यात भालचंद्र नेमाड्यांचं 'कोसला' होतं. भिशी म्हणजे पैशाचा व्यवहार काही नाही. दर महिन्याला एकाच्या घरी जमायचं, ठरलेलं पुस्तक वाचून यायचं, ज्याच्या घरी बैठक त्याने चहाफराळाचं बघायचं. शाळेतल्या बाई, बँकेतून निवृत्त झालेले काका, इंजिनिअरिंगची पोरं, रावेरकडचे एक केळीवाले दादा, दोन-तीन गृहिणी आणि मी, असा सगळा गोतावळा.

यंदा 'दुःख आणि आशा' असा विषय धरून पुस्तकं निवडतोय. 'कोसला' मी सुचवलं. त्यावर पहिला प्रश्न हाच आला की यात दुःख कुठलं? बापाच्या पैशावर पुण्यात राहून नापास झालेल्या पोराची कथा ती. होस्टेल, मेस, उधाऱ्या. माझं म्हणणं उलट आहे. मला ही मनीच्या मरणाची कादंबरी वाटते. मनी, म्हणजे कादंबरीचा नायक पांडुरंगची धाकटी बहीण, देवीच्या साथीत जाते. एकदा तिथून पुढे गेलं की आधीची सगळी टवाळी वेगळी वाचता येते. हा मुलगा एवढा का हसत सुटलाय, असा प्रश्न पडायला लागतो.

बैठकीत जुंपली. बँकेतले काका म्हणाले, आशा शून्य, यादीतून काढा. इंजिनिअरिंगची पोरगी म्हणाली, शेवटी तो गावी परत येतो म्हणजे हरतो. त्यावर केळीवाले दादा जे भडकले ते भडकलेच.

आता खरी गोष्ट. आमच्यात एक काकू आहेत. त्यांची लेक गेल्या वर्षी गेली. मनीचा भाग मोठ्याने वाचायचा असं आधीच ठरलं होतं. जिच्याकडे वाचन होतं तिने काकूंकडे एकदा पाहिलं, पानं उलटली आणि थेट पुढच्या भागावर गेली. सगळ्यांच्या ते लक्षात आलं. कोणी काही बोललं नाही. काकूंनी चहा घेतला, आणलेले बिबडे (ज्वारीचे पापड) डब्यातून काढून दिले आणि नेहमीच्या वेळेला निघाल्या.

तर विचारायचं हे की 'कोसला'त आशा आहे का, आणि असली तर कुठे? आणि ती पानं सोडली ते बरं झालं का?

शेवभाजी_कट्टर

जागा धरायला रुमाल टाकून ठेवतो. बिबडे भाजलेले होते की तळलेले?

तापीकाठची

भाजलेले. वर तेल-तिखट. आता मूळ विषयावर या.

निवृत्त_मास्तर

ताई, धागा चांगला काढलात. थोडं विस्ताराने लिहितो.

'कोसला' १९६३ साली आली. नेमाडे तेव्हा पंचविशीत होते आणि त्यांचा पांडुरंगही पंचविशीतलाच. पांडुरंगचं गाव सांगवी आमच्या यावल तालुक्यातलं, त्यामुळे आमच्याकडे हे पुस्तक कादंबरी म्हणून कमी आणि कागदपत्र म्हणून जास्त वाचलं गेलं. अमुक म्हणजे आपल्याकडचा तमुक, तो मठ म्हणजे अमक्या गल्लीतला, असा शोध घेण्यात एक पिढी गेली. पुढे २०१४ चं ज्ञानपीठ मिळालं तेव्हा तर ज्यांनी पान उलटलं नव्हतं तेही सांगत होते की त्यात आमच्या काकांचा उल्लेख आहे.

पण तुमचा मुख्य मुद्दा मला मान्य नाही. मनीचं मरण हा त्या कादंबरीतला सर्वांत चांगला लिहिलेला भाग आहे, याबद्दल वाद नाही. मात्र तो कादंबरीचा कणा नव्हे. पांडुरंगचं सुटत जाणं त्याच्या आधीच सुरू झालेलं आहे. बापाशी बेबनाव, पुण्यात उपरेपणा, कशातच जीव न रमणं, हे सगळं मनी जिवंत असताना चालू आहे. आपल्याला माणूस खचलेला दिसला की लगेच कारण शोधावंसं वाटतं. कुणीतरी गेलं असेल, प्रेमभंग झाला असेल. कारण सापडलं की आपण निवांत. ही कादंबरी तेवढी सोय देत नाही, म्हणून ती मोठी. मनीला कण्याच्या जागी बसवलंत की 'कोसला' एकदम समजण्यासारखी होते, आणि माझी हरकत नेमकी तिथे आहे.

उदाहरणार्थ_वगैरे

उदाहरणार्थ या कादंबरीत आशा वगैरे आहे. उदाहरणार्थ ती पांडुरंगला दिसत नाही वगैरे.

भुसावळ_जंक्शन

@उदाहरणार्थ_वगैरे, दर 'कोसला' धाग्यावर पांडुरंगच्या 'उदाहरणार्थ' आणि 'वगैरे'चा हा विनोद कोणीतरी करतंच. तुमचा नंबर लागला. अभिनंदन वगैरे.

पुणेकर_मूळ_चोपडा

अप्रिय मत. 'कोसला' डोक्यावर घेतलेलं पुस्तक आहे. मी विशीत वाचलं तेव्हा वेडा झालो होतो, चाळिशीत वाचलं तेव्हा बापाची बाजू पटायला लागली. मनीआर्डरी करणाऱ्या माणसाचं दुःख कोणी लिहायचं?

आणि आशेचं म्हणाल तर बँकेतले काका बरोबर आहेत. शेवटच्या पानावर हातात काय राहतं? काही नाही.

केळीवाला_रावेर

तो भडकलेला दादा मीच.

त्या पोरीवर राग नव्हता. चांगली वाचते ती, माझ्यापेक्षा जास्त. पण 'गावी परत येणं म्हणजे हार' हे ऐकून ऐकून कान किटले. मीही पुण्यातून परत आलो, काही वर्षं नोकरी करून. लोक अजून विचारतात, काय झालं तिकडे? काहीतरी झाल्याशिवाय माणूस गावी येतच नाही असं धरून चालतात. पांडुरंग परत येतो तेव्हा हरलेला आहे हे मला दिसतं. पण तो गावामुळे हरलेला नाही. गाव त्याला निदान बसायला ओटा देतं. पुण्यात त्याच्यासाठी तेवढंही नव्हतं.

आमच्या भिशीत एकजण म्हणाले, दादा, तुमची केळी बघा, खोड तोडलं तरी बाजूने पील येतं, तीच आशा. मी हात जोडले. वादळात बाग आडवी पडते त्या सकाळी बांधावर उभे राहा, भरलेले घड चिखलात पडलेले बघा, मग तलाठ्याकडे पंचनाम्याला आणि विम्याच्या फॉर्मला रांगेत उभे राहा, आणि मग पिलाबद्दल बोला. आम्ही पील ठेवतो कारण दुसरं करायला काही नसतं. त्यात आशा असेल तर असेल, आम्हाला ते खत-पाण्याचं काम असतं.

शेवभाजी_कट्टर

दादा, हा प्रतिसाद पुस्तकापेक्षा भारी झाला.

डॉक्टर_नंदुरबार

देवीबद्दल थोडं सांगतो, कारण तरुण वाचकांना तो भाग कळत नाही असा अनुभव आहे. माझ्या मुलाने 'देवीने मेली' वाचून मला विचारलं, म्हणजे नवस फेडला नाही म्हणून का?

देवी हा विषाणूमुळे होणारा रोग होता. त्याच्या तीव्र प्रकारात साधारण दहातले तीन रोगी दगावायचे, लहान मुलांत जास्त. जगले तर चेहऱ्यावर वण, कधी दृष्टी गेलेली. औषध नव्हतं, फक्त लस होती. ती लस मुंबईत १८०२ सालीच आलेली, म्हणजे पेशवाईत. तरी खेड्यापाड्यातली मुलं त्यानंतर दीडशे वर्षं मरत राहिली. देवी निर्मूलनाचा राष्ट्रीय कार्यक्रम १९६२ ला सुरू झाला, कादंबरी १९६३ ची. भारतातला शेवटचा रुग्ण १९७५ चा, आणि १९८० ला जागतिक आरोग्य संघटनेने देवी जगातून गेल्याचं जाहीर केलं.

म्हणून मला मनीचं मरण वाचताना दुःखापेक्षा संताप येतो. ते टाळता येण्यासारखं होतं. ज्या मरणाला कोणाचा इलाज नव्हता ते माणूस कधीतरी सोसतो. जे टळू शकलं असतं ते डोक्यात घर करून बसतं. पांडुरंगची चिडचिड मला त्यामुळे नीट समजते.

भुसावळ_जंक्शन

डॉक्टर, तुम्ही लिहिलंत म्हणून आठवलं. माझ्या आईच्या दंडावर देवी टोचल्याचे दोन डाग आहेत, एकाखाली एक. मधली कातडी पातळ आणि चकचकीत, कडेला बारीक सुरकुत्या. लहानपणी मी त्यावर बोट फिरवत झोपायचो.

ती सांगते, देवी डॉक्टर गावात आला की पोरं धान्याच्या कणगीत लपायची. आजीही लपवायची. देवी अंगात आली तर घरात फोडणी द्यायची नाही, दाराला कडुनिंब, आणि 'बाईचा कोप' म्हणून मोठ्याने बोलायचं नाही. आईला टोचलं ते मामाने धरून आणलं म्हणून. तिच्या मधल्या भावाला मात्र आजीने लपवलं. तो नंतर गेला. आजीने ते दुःख कसं काढलं हे कोणी विचारलं नाही, आणि आजी त्याचा विषय निघाला की उठून गोठ्यात जायची.

'कोसला' वाचल्यावर मी आईला त्या गेलेल्या मामाचं नाव विचारलं. तेव्हा पहिल्यांदा कळलं.

तापीकाठची

भुसावळ, हे लिहिलंत ते बरं केलंत.

अमळनेरकर

सगळं ठीक आहे, पण 'दुःख आणि आशा' असा विषय असेल आणि खानदेशात बसून चर्चा असेल तर साने गुरुजी सोडून नेमाडे? 'श्यामची आई' १९३३ ची, नाशिकच्या तुरुंगात लिहिलेली. त्याआधी गुरुजी आमच्या प्रताप हायस्कुलात शिक्षक होते. आई गेल्याचं दुःख आणि तरी जगण्यावरची श्रद्धा, दोन्ही आहे. आशा शोधायला भिंग लागत नाही.

पुणेकर_मूळ_चोपडा

भिंग लागत नाही पण पंचा लागतो.

अमळनेरकर

रडू येतं म्हणून पुस्तक कमी दर्जाचं, हे कुठल्या शास्त्रात आहे? न रडवणारी पुस्तकं लिहिणाऱ्यांचा एक संप्रदाय झालाय मराठीत. २०२४ ला आमच्याकडे साहित्य संमेलन झालं तेव्हाही मंडपाच्या चहापाशी हेच ऐकलं, गुरुजी म्हणजे भाबडे.

निवृत्त_मास्तर

अमळनेरकर, भाबडे म्हणणारे चूक आहेत. गुरुजींनी १९५० साली स्वतःचं आयुष्य संपवलं. एवढी आशा लिहिणाऱ्या माणसाने. म्हणून आशा लिहिणारे सुखी असतात आणि निराशा लिहिणारे दुःखी, हा हिशेब मला कधी जुळला नाही. नेमाडे बघा, ऐंशी ओलांडून ठणठणीत वाद घालत होते.

संपादक

सदस्यांना विनंती, गुरुजींवर स्वतंत्र धागा काढावा. इथे 'कोसला'.

खापरावरची

मी आहिरानीमा लिखस, चाली का?

मी पुस्तक वाचेल नही, पन धागा सगळा वाचा. आमना गावमा कोनी मरी गयं तं बाया दारवर येतस, गळामा पडीसन रडतस, मंग च्या पेतस नि कांदाना भाव काढतस. तीच खरी चर्चा.

केळीवाला_रावेर

एकदम बराबर. कांद्याचा भाव काढला की समजायचं, घर रुळावर येतंय.

धुळ्याची_मोकळी

मी समुपदेशनाचं काम करते, म्हणून दुसऱ्या प्रश्नावर लिहिते. पहिल्यातलं मला कळत नाही, 'कोसला' मी अर्धवट सोडलेली आहे.

वाचणारीने पानं उलटली ती मायेनेच. पण त्या क्षणी तिने काकूंच्या वतीने ठरवून टाकलं की तुम्हाला हे झेपणार नाही. घरात मरण झालं की अशा गोष्टी रोज होतात. लग्नाची पत्रिका देताना लोक चाचरतात, बारशाला बोलवायचं टाळतात, गप्पांमध्ये 'मुलगी' हा शब्द आला की जीभ चावतात. माणसाला हळूहळू लक्षात येतं की आपण आल्यावर खोलीतलं बोलणं बदलतं.

पुढच्या वेळी दोन दिवस आधी फोन करून सरळ सांगा, अमुक भाग मोठ्याने वाचणार आहोत, तुम्हाला चालेल का, नसेल तर तेवढ्यापुरतं उशिरा या. निवड त्यांची. आणि बैठकीत 'काकू, तुम्हाला काय वाटलं?' असं मुद्दाम विचारू नका. बोलावंसं वाटलं तर बोलतील.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

@धुळ्याची_मोकळी, अर्धं पटलं. आधी फोन करणं मला तरी नको वाटलं असतं.

माझा भाऊ अपघातात गेला. गंधमुक्तीपर्यंत, म्हणजे दिवसकार्य आटपेपर्यंत, घरात पाय ठेवायला जागा नव्हती, सतरंज्या शेजाऱ्यांकडून आणलेल्या. त्यानंतर कोणी नाही. मग काही महिन्यांनी मित्रांनी ठरवून ठरवून मला भेटायला सुरुवात केली. प्रत्येकजण आधी फोन करायचा, आवाज खाली, 'येऊ का, चालेल ना?' मला त्या आवाजाचीच भीती बसली होती. एकच मित्र न सांगता यायचा, माझ्या भावाने त्याचे घेतलेले पैसे कसे बुडवले ते सांगून शिव्या द्यायचा. तोच आवडायचा.

तर ती पानं वाचायला हवी होती, नेहमीच्या आवाजात, कोणाकडे न बघता. सोडलीत तेव्हा सगळ्या खोलीने काकूंकडे पाहिलं असणार.

धुळ्याची_मोकळी

तुमचं खरं आहे, पण तो मित्र तुम्हाला आधीपासून ओळखत होता. भिशीतली माणसं तेवढी जवळची असतातच असं नाही. त्यांनी शिव्या घातल्या तर चालणार नाही.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

भिशीत शिव्या घालत असतील तर मला सदस्य करून घ्या.

माहेरवाशीण_पारोळा

मी 'कोसला' लग्नाआधी वाचली होती आणि मनीच्या भागाशी थांबले होते. हा धागा वाचून काल पुन्हा काढली.

आता अखाजी (अक्षय्य तृतीया) आली म्हणून जास्त लागलं असेल. आमच्याकडे अखाजीला लेकी माहेरी येतात. झाडाला झोके, गाणी, सांजोऱ्या, आमरस. आणि त्याच दिवशी सकाळी पितरांची घागर भरतात. कोऱ्या मातीच्या घागरीत पाणी, वर खरबूज किंवा आंबा. ज्या दिवशी लेक येते त्याच दिवशी गेलेल्यांना पाणी. लहानपणी यात काही वेगळं वाटायचं नाही, दोन्ही कामं आईच करायची, हात पुसून एकीकडून दुसरीकडे.

मनी मोठी झाली असती, तिचं लग्न झालं असतं, तर दर अखाजीला सांगवीला आली असती. पांडुरंग आणायला गेला असता, मूळ म्हणून. गाडीत कुरकुरला असता, तिच्या सासरच्यांची नक्कल केली असती. ते सगळं झालंच नाही. खानदेशातल्या भावाचं अर्धं आयुष्य बहिणीला आणण्या-पोचवण्यात जातं. तो परत येतो तेव्हा गावात त्याला हे एक काम असायला हवं होतं, आणि ते नाही. मास्तर म्हणतात मनी कणा नाही. असेल. पण तो रिकामा का बसलाय याचं एक उत्तर मला इथे मिळालं.

निवृत्त_मास्तर

माहेरवाशीण ताई, हे मी कुठल्याही समीक्षेत वाचलेलं नाही. पटलं असं नाही म्हणत, पण रात्री पुस्तक पुन्हा काढणार.

पुणेकर_मूळ_चोपडा

मीही. च्यायला.

लेणी_फिरस्ता

अजिंठ्याबद्दल कोणीच बोललं नाही? मनी गेल्यानंतर पांडुरंग अजिंठ्याला जातो तो भाग. माझ्या मते आशेचा प्रश्न तिथे सुटतो, म्हणजे सुटत नाही पण नीट मांडला जातो.

सव्वीस नंबरच्या लेण्यात डाव्या भिंतीला महापरिनिर्वाणाचं शिल्प आहे. बुद्ध कुशीवर पहुडलेला, सात मीटरच्या आसपास लांबी. बघणारे सगळे चेहऱ्यावरची शांती बघतात. मी तिथे वारंवार जातो, लोकांना घेऊन जातो, आणि आता त्यांना सांगतो की खाली बघा. पलंगाच्या खालच्या बाजूला शोक करणाऱ्या शिष्यांची ओळ आहे, लहान लहान. कोणी गालाला हात लावून बसलंय, कोणी मान खाली घातलीय. ज्याने आयुष्यभर शिकवलं की शोक करू नका, त्याच्याच पायाशी हे रडतायत. शिल्पकाराने त्यांना गाळलं नाही. दीड हजार वर्षांपूर्वीच्या माणसाला हे कळलं होतं.

त्यावरून किसा गोतमीची गोष्ट आठवते. मूल गेलेली आई बुद्धाकडे येते, तो म्हणतो, ज्या घरात कोणी मेलेलं नाही तिथून मूठभर मोहरी आण. ती घरोघर फिरते आणि समजते.

धुळ्याची_मोकळी

ही गोष्ट कृपा करून काकूंना सांगू नका. मूल गेलेल्या बाईला 'सगळ्यांकडे होतं' असं सांगणं यापेक्षा वाईट सांत्वन नाही.

लेणी_फिरस्ता

पण तिला ते कोणी सांगत नाही, ती स्वतः दारोदार जाते आणि ऐकते. प्रत्येक घर आपलं आपलं सांगतं. मला तर ते 'दारावर' जाण्याचंच उलटं रूप वाटतं. इथे लोक तिच्या दारावर येत नाहीत, ती त्यांच्या दारावर जाते.

धुळ्याची_मोकळी

हां. हे असं असेल तर ठीक. तरी सांगू नका.

भुसावळ_जंक्शन

अवांतर: आमच्या पुढचंच स्टेशन भादली. बालकवी १९१८ साली तिथे रुळांवर गेले, सत्तावीस वर्षांचे होते. आनंदाच्या कविता लिहिणारा माणूस. आणि आसोद्याच्या बहिणाबाई तिशीत विधवा झाल्या, शेतात राबत ओव्या रचल्या, त्या छापून आल्या १९५२ ला, त्या गेल्यानंतर. 'दुःख आणि आशा' असं वर्ष काढायचं तर जळगाव-भुसावळच्या तीस किलोमीटरमध्ये सगळी यादी होईल, बाहेर जायला नको.

तापीकाठची

सगळ्यांचे आभार, आता काय झालं ते सांगते.

मी फोन करू की नको या विचारात होते. तेवढ्यात काकूंचाच फोन आला, बिबड्यांचा डबा राहिला म्हणून. डब्याचं झाल्यावर त्या म्हणाल्या, "ती पानं का सोडली गं? मी घरून तयारी करून आले होते." मी गप्प. मग त्यांनी जे सांगितलं ते जमेल तसं लिहिते.

त्यांना पांडुरंग फारसा आवडलेला नाही. "त्याला कोणीतरी कामाला लावायला हवं होतं," असं त्यांचं पहिलं मत. दुसरं, "सगळं त्याच्याच तोंडून आहे. आईच्या तोंडून असतं तर पुस्तक निम्म्यात संपलं असतं. तिला सैपाक होता." त्यांना राग याचा होता की भाऊ दुःख करत गावभर फिरू शकतो, डोंगर-लेणी बघू शकतो, आणि आईला दुसऱ्या दिवशी चूल असते. "त्याला वेळ होता दुःखाला," म्हणाल्या. हे त्या हसत म्हणाल्या की कडवटपणे, फोनवर कळलं नाही.

आणि तिसरं. तो मनीचं नाव घेत राहतो, ते त्यांना बरं वाटलं. त्यांच्याकडे आता कोणी लेकीचं नाव घेत नाही. 'तो प्रसंग', 'ती गोष्ट', असं म्हणतात. घरातलेसुद्धा.

आशेचं विचारलं तर म्हणाल्या, ते तुम्ही ठरवा, तुमचा विषय आहे.

सातपुड्याच्या_पायथ्याशी

काकू सदस्य होतील का इथे?

निवृत्त_मास्तर

'त्याला वेळ होता दुःखाला.' साठ वर्षांत 'कोसला'वर ढिगाने लेख आले, बहुतेक प्राध्यापकांचे. एवढ्या कमी शब्दांत एवढी नेमकी हरकत कोणी घेतल्याचं मला आठवत नाही. तरी माझं मत कायम आहे की मनी कणा नाही. उलट काकूंच्या बोलण्यातून माझाच मुद्दा पुढे जातो. कादंबरी त्याच्याबद्दल आहे, मनीबद्दल नाही, आणि काकूंची तक्रार नेमकी तीच आहे.

तापीकाठची

मास्तर, तुम्ही माझा मुद्दा माझ्याच काकूंकडून खोडून घेतलात!

केळीवाला_रावेर

मला आता वाटतंय की वरची बँकेतल्या काकांची आणि माझी दोघांची भांडणं वेगळ्याच गोष्टीवर होती. ते शेवटच्या पानावर आशा शोधत होते. मनी गेल्यावर बापाने त्या वर्षीची पेरणी केली असणार की नाही? पुस्तकात असो नसो. शेतकऱ्याच्या घरातलं पुस्तक आहे, पेरणी झालीच असणार. नेमाडेंनी ती न लिहिता सोडली कारण आमच्याकडे ती सांगायची गोष्टच नाही.

उदाहरणार्थ_वगैरे

विनोद करणार नाही, खरंच विचारतो. मग पुढच्या बैठकीत काय करणार?

तापीकाठची

ठरलं. पुन्हा 'कोसला'च, फक्त मनीचा भाग, मोठ्याने. वाचणार त्या काकू स्वतः नाहीत, त्यांनी स्पष्ट सांगितलं, "मी ऐकणार." वाचणारी तीच, जिने पानं सोडली होती. तिला घाम फुटलाय. आणि पावसाळ्यानंतर सगळ्यांनी अजिंठ्याला जायचं, लेणी_फिरस्ता यांनी नेलं तर. आत्ता या उन्हात नको, पारा पंचेचाळीसच्या पुढे आहे.

लेणी_फिरस्ता

नेतो की. जळगावहून साठेक किलोमीटर. फर्दापूरच्या फाट्याला गाड्या लावायच्या, तिथून पुढे लेण्यापर्यंत एसटीची बस. बॅटरी आणा, सव्वीस नंबरला आत अंधार असतो. आणि वयस्क मंडळींसाठी खाली डोली मिळते, पायऱ्यांचा बाऊ करू नका.

पुणेकर_मूळ_चोपडा

मी पण येतो. सोमवारी सुट्टी टाकून जमेल मला.

लेणी_फिरस्ता

सोमवारी अजिंठा बंद असतो साहेब. दुसरा वार बघा.

शेवभाजी_कट्टर

रविवार. येताना फर्दापूरला शेवभाजी. आणि काकूंना सांगा, बिबडे आणायचे.